तिसरा ठोका

मी एक जुनी घंटी आहे, मित्रांनो. लाकडी मुठीची, पितळी अंगाची, एका हाताने उचलून वाजवायची. मला कपाटावर धूळ खात पडलेली पाहिलीत तर तुम्ही म्हणाल, हिने कुणाचे काय वाकडे केले असणार. पण एक काळ असा होता की माझा तिसरा ठोका पडेपर्यंत माणूस टेबलापाशी पोचला नाही, तर त्याच्या नावापुढे फुली पडे. अशा लागोपाठ तीन फुल्या झाल्या की वर्षभर त्याचा भत्ता बंद. फुली मारणारा हात कारकुनाचा होता हे खरे. पण त्या हाताला वेळ झाल्याचे सांगणारी मी होते.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. माझ्या अंगात पाण्याच्या जुन्या नळांचे पितळ आहे, एका मोडीत काढलेल्या बोटीची बिजागरे आहेत आणि कुणाच्या तरी दाराची कडीही आहे. ओताऱ्याने मला साच्यातून काढले, थंड केले आणि नखाने टिचकी मारून कान लावला. सूर पटला नाही. मग कानशीने कड घासायची, पुन्हा टिचकी, पुन्हा कान, असे त्याने दोन दिवस केले. अखेर गिऱ्हाइकाच्या हातात मला देताना तो म्हणाला, "न्या बिनधास्त. बहिऱ्याच्या कानातसुद्धा शिरेल." मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटला. पुढे कितीतरी वर्षे मी तो बाळगला. आता आठवले की अंगावर हिरवट डाग चढल्यासारखे वाटते.

मला विकत घेणारी बाई स्वयंपाकीण होती. सगळे तिला मावशी म्हणत. त्या वर्षी नदीने अर्धे गाव धुऊन नेले होते आणि बाजारामागच्या माडीवरच्या मोठ्या हॉलात मावशीने चुली मांडल्या होत्या. बटाटे उकडले, पाव आले, की ती दारात उभी राहून मला वाजवी. तेव्हा माझ्या आवाजाचा अर्थ एकच होता: या. तू कोण, काय करतोस, कालपर्यंत कुठे होतास, हे कुणी विचारत नसे.

पण तुमच्यापासून लपवत नाही, मित्रांनो, ते दिवसही काही सोन्याचे नव्हते. मी वाजले की धडधाकट माणसे धावत पुढे येत आणि म्हातारीकोतारी मागे राहत. एक लंगडा गवंडी होता. तीन दिवस तो पातेले रिकामे झाल्यावरच चुलीपाशी पोचला, आणि तिन्ही दिवस मावशीने त्याला खरवड काढून दिली. चौथ्या दिवशी तिने पातेल्यावर झाकण टाकले आणि नगरपालिकेत जाऊन सांगितले की मला एक शिकलेला माणूस द्या, जो रांग लावील.

असा कारकून आला. तेव्हा तो तरणा होता, मिशी नुकती राखलेली. त्याने नावांची वही केली आणि माझ्यासाठी पहिला नियम बांधला. पहिला ठोका उठायचा, दुसरा चालायचा, तिसरा पोचायचा. एकाचे तीन ठोके झाल्याशिवाय दुसऱ्याने जागचे हलायचे नाही. आणि गवंड्याचे नाव आले की कारकून पहिला ठोका देई, दुसरा देई, आणि मग मला हातात धरून थांबून राही. गवंडी एकेक पाऊल टाकत येई. त्याची काठी टेबलाच्या पायाला लागली की मगच माझा तिसरा ठोका पडे. मागची माणसे चुळबुळत, कुणी म्हणे, "अहो, सकाळची संध्याकाळ झाली." कारकून हसून म्हणे, "पोचल्याशिवाय ठोका कसा देऊ?"

नियम मुळात असा होता. माणसाची वाट पाहणारा. हे विसरू नका, कारण पुढे सगळेच विसरले.

वर्षे गेली. मावशी गेली. चुली जाऊन टेबले आली, हॉलाची कचेरी झाली, जेवणाच्या जागी महिन्याचा भत्ता आला. मी टेबलावर वहीशेजारी बसू लागले. वहीतले काही मला वाचता येत नव्हते. पण रोज समोर तीच अक्षरे पडलेली, तीही माझ्या बाजूने उलटी, आणि कारकून लिहिताना पुटपुटायचा. पुटपुटणे ऐकत आणि अक्षर पाहत मी हळूहळू जुळवून घेतले. उशिरा कळली, पण कळली. मला पहिल्यांदा नीट वाचता आलेला शब्द होता 'गैरहजर'.

भिंतीवर नियमांचे कागद वाढत गेले. ज्याला काम करता येते त्याने आठवड्यातून दोन दिवस गावाचे काम केले पाहिजे. महिन्याच्या ठरल्या दिवशी स्वतः येऊन हजेरी दिली पाहिजे. प्रत्येक कागदामागे काही ना काही कारण घडलेले होते. एका गृहस्थाने आईच्या नावाने दोन वर्षे भत्ता उचलला. आई येत नाही, थकली आहे, मी सोबत येतो ना, असे तो सांगे. आई केव्हाच जग सोडून गेली होती. ते उघडकीस आले त्या आठवड्यात नवा कागद लागला: सोबत येणाऱ्यांनी जिन्याखाली थांबावे, हॉलात एकट्याने यावे. सगळ्यांना तो नियम पटला. मलाही पटला.

कारकुनाची वही जाड झाली तशी त्याची मान खाली गेली. आधी तो नाव पुकारताना हॉलभर नजर फिरवी. आता वहीत बघूनच पुकारी, वहीत बघूनच मला वाजवी. तीन ठोके, सरळ एकामागून एक, पापणी लवण्याइतक्या अंतराने. दोष त्याला एकट्याला कसा देऊ? दोनशे नावे आणि एक माणूस.

आता वहिनी आणि ताईंची गोष्ट सांगते.

त्या भावजय आणि नणंद. दोघींचे नवरे गेलेले, एकाच खोलीत राहणाऱ्या, दिवसभर एकमेकींना टोचून बोलणाऱ्या आणि एकमेकींवाचून घास न उतरणाऱ्या. दोघींनी पंचवीस-सव्वीस वर्षे यंत्रमागांच्या खात्यात काम केले होते. तुम्ही कधी असे खाते पाहिले आहे का? शंभर माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्याने ओरडून सांगितलेलेही ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसे आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ हलवायचे. समोरच्याने ओठ बघायचे. चार माग सोडून पलीकडच्या बाईशी सुखदुःख बोलायचे, भांडायचे, कुणाची टर उडवायची, सगळे ओठांवर. धागा तुटला तर तोही कानाने नाही, मागाच्या चौकटीवर हात ठेवून तळव्याला कळायचा.

खाते बंद पडले तेव्हा ताईंच्या छातीत कापसाची धूळ भरलेली होती आणि वहिनींचे कान गेलेले होते. ताईंची छाती सगळ्यांना कळली, कारण ती घरघर वाजे. वहिनींचे कान कुणाला कळले नाहीत. समोर बसून बोललात तर ती तुमच्या प्रत्येक शब्दाला चोख उत्तर देई. भत्त्यासाठी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी समोर बसून नाव विचारले, वय विचारले, झोप लागते का विचारले. तिने सगळे बरोबर सांगितले. डॉक्टरांनी लिहिले: कान ठीक.

दोघींनी कानांचे का सांगितले नाही, हे मला पुढे एकदा कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगते. कचेरीत दोन याद्या होत्या. काम करू शकणारे आणि न करू शकणारे. पहिल्या यादीतले नाव दुसरीत न्यायचे तर आधी पहिलीतून काढत, मग तपासण्या होत, मग दुसरीत घालत. तोवर भत्ता बंद. त्यांच्या चाळीतल्या एका रंगाऱ्याची नजर गेली. त्याने खरे सांगितले आणि सात महिने तो शेजाऱ्यांच्या ताटातले जेवला. शिवाय वहिनी आठवड्यातून दोन दिवस इस्पितळात फाटक्या चादरी शिवायला जाई आणि ते काम तिला आवडे. तेही जाईल, ही भीती. ताईंच्या औषधासह दोघींचे सगळे त्या एका भत्त्यावर. ताईंचा अर्ज दोन वर्षे कुठल्याशा खणात पडून होता. तेव्हा दोघींनी ठरवले, कानांचे नाव काढायचे नाही.

पहिली काही वर्षे काहीच अडले नाही. हजेरीच्या दिवशी दोघी बाकावर शेजारी बसत आणि आवाज न काढता गप्पा मारत. कारकुनाला वाटे, या आपल्यालाच हसतात. एकदा खरेच त्या त्याच्या मिशीबद्दल बोलत होत्या, ताईंनी पुढे ते कबूल केले. मी वाजले आणि नाव पुकारले गेले की ताईंचे कोपर वहिनीच्या बरगडीत बसे, आणि वहिनी उठे. कुणाच्या ध्यानात आले नाही की वहिनीला मी बोलावत नसून ते कोपर बोलावते आहे. मला तर मुळीच नाही. मी आपली ओताऱ्याचे शब्द आठवून खुशीत वाजत होते.

मग सोबत्यांनी जिन्याखाली थांबण्याचा कागद लागला.

त्यानंतरच्या पहिल्याच हजेरीला वहिनी एकटी वर आली आणि दुसऱ्या बाकावर बसली. तिची नजर कारकुनाच्या तोंडावर खिळलेली होती. पण तोंड वहीत. ओठ दिसतच नव्हते. तिने जिवाचे डोळे केले होते, एवढे मला टेबलावरून दिसत होते, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. तिचे नाव आले. मी वाजले, एक, दोन, तीन. ती तशीच बघत राहिली. फुली पडली. हॉल रिकामा झाल्यावर ती उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, माझे नाव राहिले वाटते.

कारकुनाने मान वर केली. "केव्हाच झालं. तुम्ही बसूनच होतात. घंटी काय मी माझ्या करमणुकीसाठी वाजवतो?"

वहिनीने वहीतली फुली पाहिली. "डुलकी लागली असेल," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती सगळ्यात पुढच्या बाकावर बसली. तरीही तेच झाले, कारण पुढच्या बाकावरून कारकुनाचे टक्कल तेवढे जवळून दिसत होते. दुसरी फुली पडली. या वेळी तिने डुलकीचे नावही काढले नाही. भिंतीला हात लावत जिना उतरली.

तिसऱ्या हजेरीला आठवडा राहिला असताना भत्त्याचे नियम ठरवणाऱ्या समितीची खुली बैठक लागली. विषय भिंतीवर चिकटवला होता: तीन फुल्या झालेल्यांचे नाव वर्षभरासाठी नव्हे, कायमचे खोडावे का? ज्यांना बोलायचे त्यांनी आधी नाव द्यावे, प्रत्येकाला तीन मिनिटे. वहिनीने नाव दिले. तिला एवढेच मागायचे होते की सोबतीच्या माणसाला हॉलात बसू द्या. का, ते सांगायचे नव्हते.

बैठकीत मी अध्यक्षबाईंच्या उजव्या हाताशी होते. अध्यक्षबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, शिस्तीच्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की पहिला ठोका म्हणजे अर्धे मिनिट उरले, दुसरा म्हणजे आवरा, तिसरा म्हणजे थांबा. तिसऱ्यानंतर कुणी बोलले तर ते वहीत लिहिले जाणार नाही, आणि मत देताना जे वहीत आहे तेवढेच धरले जाईल. लांब टेबलामागे समितीचे सात जण होते. उजव्या टोकाला कारकून वही उघडून बसला होता, डाव्या टोकाला पाववाले.

पाववाल्यांची गावात मोठी भट्टी होती आणि ते समितीवर निवडून आलेले. माणूस वाईट नव्हता. उरलेला पाव ते रोज इस्पितळात पाठवत. ते उठले आणि साध्या शब्दांत बोलले की मी पहाटे चारला उठतो, माझ्याकडचे कामगार उठतात, आणि त्यांच्या कमाईतून कापलेल्या पैशावर हा भत्ता चालतो. त्या बदल्यात आपण काय मागतो? महिन्यातून एकदा या आणि घंटी झाली की उठा. एवढेही होत नसेल तर? "मागे एका हजेरीला एक बाई या बाकावर बसून झोपा काढत होत्या म्हणे. समोर घंटी वाजतेय आणि बाई झोपलेल्या. माझ्या कामगाराला मी काय तोंड दाखवू?"

हॉलात बऱ्याच माना हलल्या. नंतर इस्पितळातली परिचारिका बोलली. नाव खोडल्याने माणूस नाहीसा होत नाही, तो आमच्याकडे खाटेवर येतो आणि तेव्हा जास्त महाग पडतो, असे ती म्हणाली. एका पेन्शनरांनी दोन्ही बाजूंचे थोडे थोडे मांडले आणि माझ्या तिसऱ्या ठोक्यावर वाक्याच्या मधोमध खाली बसले. लोक हसले. मग अध्यक्षबाईंनी वहिनीचे नाव पुकारले.

परिचारिका तिच्या शेजारीच बसली होती. तिने सहज खूण केली आणि वहिनी उठली.

ती टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिची नजर कुणाच्या तोंडावर नव्हती. ती माझ्यावर होती. अध्यक्षबाईंच्या हातावर आणि माझ्यावर. दम लागल्यामुळे जिन्याखालीच थांबलेल्या ताईंनी तिला बजावून पाठवले होते की हात हलला की समज. ती बोलू लागली. तिचा आवाज हॉलाच्या मानाने जरा मोठाच होता. सोबतीचा माणूस आत बसला तर काय बिघडते, तो सही करत नाही, भत्ता घेत नाही, नुसता शेजारी बसतो, असे ती सांगत होती. तिने दीडेक मिनिट तसे काढले. मला वाटले, पार पडते आता.

तेवढ्यात पाववाले टोकावरून बोलले. "बाई, एक विचारू? त्या दिवशी बाकावर झोपलेल्या त्या तुम्हीच ना?"

लोकांनी माना वळवल्या म्हणून वहिनीला कळले की डावीकडे कुणी काही बोलले. ती वळली. पाववाल्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. आणि त्या क्षणी, मित्रांनो, तिच्यापुढे पेच पडला. माझ्याकडे बघितले तर त्यांचे ओठ सुटतात. त्यांच्याकडे बघितले तर मी सुटते. एक क्षण तिची नजर दोन्हीकडे धावली. मग तिने पाववाल्यांच्या तोंडाकडे बघितले आणि तिथेच राहिली.

"मी झोपले नव्हते दादा," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी मला उचलले. पहिला ठोका.

"तुम्हीच सांगितलंत कारकुनांना, डुलकी लागली म्हणून."

"सांगितलं. खोटं सांगितलं."

हॉलात कुजबुज झाली. दुसरा ठोका. ती बोलतच होती. सव्वीस वर्षे मागावर उभी होते, तिथे डुलकी लागली तर बोट जाते, माझी दहाच्या दहा आहेत, बघा, असे म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले.

अध्यक्षबाईंची मूठ माझ्या मुठीवर आवळली. मला नको होते वाजायला. पण घंटीच्या नको म्हणण्याला कोण विचारतो? तिसरा ठोका पडला, आणि उजव्या टोकाला कारकुनाने लेखणी उचलून बाजूला ठेवली. आता ती जे बोलेल ते हवेत.

ती बोलत राहिली. मी बसून होते हे खरे, पण जागी होते, एकेक तोंड बघत होते, असे ती सांगत होती. मागच्या बाकांवरून कुणी म्हणाले, "घंटी झाली, बसा खाली." कुणी हसले. पाववाले कंटाळले. त्यांनी हातरुमाल काढून तोंडावरचा घाम पुसला आणि रुमालाआडूनच, समितीला उद्देशून म्हणाले, "हेच मी म्हणत होतो. घंटीला जुमानतच नाहीत."

वहिनी थांबली. तिने मान पुढे काढली.

"तोंडावरचा हात काढा ना दादा," ती म्हणाली. "काय म्हणालात ते दिसलं नाही."

हसणारे हसायचे थांबले. पाववाल्यांचा रुमाल हवेत राहिला. अध्यक्षबाई तिच्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षे वर्गात काढलेल्या त्या बाई, मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येत नाही की तो ऐकत नाही, यातला फरक त्यांना कळत असणारच. त्यांनी मला उचलले आणि हात वर नेऊन सगळा जोर लावून वाजवले. इतकी मी आयुष्यात कधी वाजले नव्हते. खिडकीतली कबुतरे उडाली, पेन्शनर दचकून उभे राहिले, कारकुनाच्या हाताला लागून दौत कलंडली. वहिनीची पापणीसुद्धा हलली नाही. ती पाववाल्यांच्या ओठांकडे बघत उभी होती, उत्तराची वाट पाहत.

बहिऱ्याच्या कानातसुद्धा शिरेल, असे ओतारी म्हणाला होता.

भोवतालचे चेहरे बदलले तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपले गुपित फुटले. ती पांढरीफटक पडली. "माझं नाव नका काढू यादीतून," ती एवढेच म्हणाली, आणि या वेळी आवाज बारीक होता.

कारकुनाने पहिल्यांदा मान वर करून तिला नीट पाहिले. "लिहू का हे? तिसरा ठोका होऊन गेलाय."

नियम अध्यक्षबाईंनी स्वतःच घातलेला. त्यांनी मला टेबलावर ठेवले. मला वाटले, नाहीच म्हणणार. मग म्हणाल्या, "पोचला नाही तो ठोका. झाला असं धरू नका. लिहा."

मी त्याचे अक्षर उलटे वाचत होते. त्याने सगळे लिहिले, 'जागी होते'पासून 'दिसलं नाही'पर्यंत.

तोवर दाराशी कुणीतरी धापा टाकत उभे होते. ताई. माझा तो चौथा ठोका जिन्याखाली ऐकू गेला होता, आणि काहीतरी बिनसले हे ओळखून त्या बावीस पायऱ्या चढून आल्या होत्या. त्यांना धड उभे राहवत नव्हते. परिचारिकेने धरले. श्वास जुळवत जुळवत त्यांनी दोन याद्यांचे सांगितले, रंगाऱ्याचे सांगितले, कोपराचे आणि मिशीचेही सांगितले. मग अध्यक्षबाईंना विचारले, "आता लिहिलंत ना तिचे कान गेले म्हणून? मग उद्यापासून ती कुठल्या यादीत? आम्ही जेवायचं कुठल्या यादीत?"

नियमांचे सगळे कागद भिंतीवर होते आणि त्यांतला एकही या प्रश्नाला पुरत नव्हता. पाववाल्यांनी रुमालाची घडी घातली.

"मी माझं मत बदललं नाही," ते शेवटी म्हणाले. "नियम हवेतच. ज्याला ऐकू येतं त्याने उठलंच पाहिजे. पण यादी बदलेपर्यंत भत्ता थांबतो हे मला माहीत नव्हतं. ते काही बरोबर नाही."

मते घेतली. कायमचे खोडण्याच्या बाजूने तीन हात वर झाले, त्यात पाववाल्यांचा होता. विरुद्ध चार. मग दुसरा ठराव आला, की यादी बदलत असताना कुणाचा भत्ता थांबवायचा नाही, आणि ज्याला सोबत लागते त्याच्या सोबत्याला बाकावर बसू द्यायचे. त्याला पहिला हात पाववाल्यांचा होता. एकमताने झाला, असे मी सांगितले असते तर छान वाटले असते. पण एक हात खालीच राहिला. कुणाचा ते सांगत नाही. वहिनीच्या दोन्ही फुल्या कारकुनाने स्वतः खोडल्या. तीन फुल्यांची वर्षभराची शिक्षा मात्र अजून आहे, आणि त्या शिक्षेवर अजून वाद होतात.

पुढच्या हजेरीपासून कारकून मान वर करून नाव पुकारू लागला. समोरचा उठला नाही तर तो टेबलामागून उठून बाकापर्यंत जातो. त्याला दुप्पट वेळ लागतो आणि रांगेतले लोक कुरकुरतात. मला त्याने कपाटावर ठेवले.

त्यानंतर वहिनी एकदाच माझ्यापाशी आली. ताई बाकावर बसल्या होत्या. वहिनीने कारकुनाला विचारून मला खाली उतरवून घेतले, डाव्या हाताचा तळवा माझ्या अंगाला अलगद टेकवला आणि म्हणाली, "वाजवा जरा." कारकुनाने हळूच वाजवले. तळव्याखाली माझा आवाज दबला, कुणाला फारसा ऐकू गेला नाही. पण मागाच्या चौकटीवर हात ठेवून तुटलेला धागा ओळखणारा तो तळवा होता. मी तिच्या मनगटापर्यंत, कोपरापर्यंत पोचले, हे मला कळले. तिने डोळे मिटले होते. मग ताईंकडे वळून ती ओठांनीच काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. कारकुनाने विचारले, काय म्हणाल्या? ताईंनी सांगितले, "म्हणतेय, हिला मी उगाच भीत होते. आवाज बरा आहे की हिचा."

मित्रांनो, कधीतरी तुमच्यापैकी कुणाच्या हातात घंटी येईल, किंवा वही, किंवा नियमाचा कागद. मला राखेने घासा म्हणून मी तुम्हाला सांगणार नाही. हिरवे डाग पडले तरी मी वाजते. एवढेच मागते, की तिसरा ठोका देण्याआधी मान वर करा. समोर कुणी बसून राहिले असेल तर तो का बसला आहे ते उठून जवळ जाऊन बघा. माझा हाच कारकून, मिशी नुकती राखलेली असताना, मला हातात धरून काठी टेबलाला लागायची वाट बघत उभा राही. तेवढा वेळ मी गप्प असे. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तेव्हाच सगळ्यात चांगली वाजत होते, असे मला आता वाटते.